कोपर, कंडरा आणि मोजून दिलेला भार

टेनिस एल्बो, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं घेऊन रुग्ण आला, की पहिल्या भेटीत दुखरी जागा दाबून पाहण्याआधी आम्ही त्याच्या हातात पकड मोजायचं यंत्र देतो. कोपर सरळ, तळहात जमिनीकडे. सूचना एकच: सावकाश आवळत जा आणि दुखायला लागलं त्या क्षणी सोडा. मिनिटभराच्या अंतराने तीन वेळा मोजून सरासरी काढायची, मग दुसऱ्या हाताची. चांगला हात २८ किलोपर्यंत जातो आणि दुखरा ९-१० वरच थांबतो, असं अंतर टेनिस एल्बोमध्ये नेहमी दिसतं. दात-ओठ खाऊन आवळलं तर दुखरा हातही २० च्या पुढे जाईल, पण तो आकडा उपचाराच्या कामाचा नाही. वेदनेशिवाय किती आवळता येतं तेवढंच मोजायचं, कारण पुढच्या तीन महिन्यांतले बरेच निर्णय त्यावरच घ्यायचे असतात. यंत्र नसेल तर रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळून त्यात २० पर्यंत हवा भरावी आणि तो आवळल्यावर काटा कुठे जातो ते लिहून ठेवावं. लहान गावातल्या दवाखान्यातही हे सहज जमतं.

मोजमाप आधी घ्यायचं आणखी एक कारण आहे. हे दुखणं इतक्या सावकाश कमी होतं की ज्याचं त्याला ते जाणवत नाही. सहाव्या आठवड्यात "काहीच फरक नाही हो" म्हणणाऱ्या काकूंचा आकडा ९ वरून १७ वर गेलेला असतो. वही समोर धरली की त्या स्वतःच पुढच्या तारखा विचारतात.

मग तपासणी. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचं एक टोक हाताला लागतं. त्याच्या किंचित पुढे आणि खाली, बोटाच्या पेराएवढ्या जागेत दाबलं की रुग्ण हात मागे ओढतो. कोपर सरळ ठेवून मूठ वर उचलायला सांगायची आणि वरून दाब द्यायचा. नंतर फक्त मधलं बोट सरळ धरायला सांगून ते खाली दाबायचं. दोन्ही वेळा कळ त्याच जागी आली तर निदान जवळजवळ पक्कं होतं. खुर्चीची पाठ तळहात खाली ठेवून धरायची आणि हात लांब करून खुर्ची उचलायची, ही घरीही करून पाहता येईल अशी तिसरी खूण. एक्स-रे बहुतेकांचा साधा निघतो. सोनोग्राफीत कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, जाड आणि काळसर दिसते, एमआरआयमध्येही बदल दिसतात. पण तसे बदल न दुखणाऱ्या कोपरांतही सापडतात. म्हणून तीन महिने नीट उपचार होईपर्यंत महागड्या तपासणीची गरज सहसा पडत नाही.

निदानात घाई मात्र करू नये. दुखरी जागा हाडाच्या टोकापासून चार-पाच सेंटिमीटर खाली, स्नायूच्या मांसल भागात असेल आणि तळहात आकाशाकडे वळवताना जोर लावला की तिथे खोल ठणका उठत असेल, तर तिथून जाणारी नस दबलेली असण्याची शक्यता जास्त. मान एका बाजूला वळवल्यावर हातात कळ उतरते, अंगठ्याला आणि तर्जनीला मुंग्या येतात, तेव्हा आधी मान तपासायची. मानेतली सहावी नस दबली तरी वेदना नेमकी कोपराच्या बाहेरच्या बाजूला येते. कोपर अडकतं, पूर्ण सरळ होत नाही, सुजून गरम झालंय, पडल्यानंतर दुखायला लागलंय, ताप आहे, यातलं काहीही असेल तर व्यायामाचा कागद हातात द्यायचा नाही. अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं.

हे होतं कशाने, हे समजलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. मनगट वर उचलणारे स्नायू एका सामायिक कंडरेने कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात. त्यातल्या एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस या स्नायूचा भाग सर्वांत जास्त सापडतो. रुग्ण हमखास विचारतात: "मी मनगट कुठे वर करतो? मी तर नुसतं पकडतो." पण पकडणं आणि मनगट वर धरणं ही कामं वेगळी करता येत नाहीत. बोटं मिटणारे स्नायू मनगटाला आत वाकवू पाहतात. तसं वाकलं तर पकडच ढिली पडते. म्हणून प्रत्येक वेळी मूठ आवळली की मनगट स्थिर ठेवायला वरचे स्नायू तितक्याच जोराने ओढतात. कोपर सरळ आणि तळहात खाली असेल तर हीच कंडरा खालच्या हाडाच्या गोलाईवर दाबलीही जाते. ओढ आणि दाब एकाच वेळी. सांडशीने भरलेलं पातेलं उचलणं, दुचाकीची मूठ पिळून धरणं, ओली चादर पिळणं, भिंतीवर थापी फिरवणं, या सगळ्यांत हात याच अवस्थेत असतो.

तरीही ही कामं वर्षानुवर्षं करणाऱ्या सगळ्यांना त्रास होत नाही. आमच्याकडे येणाऱ्यांना नीट विचारलं तर दुखणं सुरू होण्याच्या दोन-चार आठवडे आधी काहीतरी अचानक वाढलेलं सापडतं. दिवाळीच्या फराळात दोन दिवस सलग सोऱ्या पिळलेला असतो. घर बदलताना खोकी उचललेली असतात. रजेवरून परतलेल्या गवंड्याने पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी केलेली असते. बॅडमिंटन खेळणाऱ्याने रॅकेटची जाळी जास्त ताणून घेतलेली असते किंवा मूठ बारीक निवडलेली असते. नाशिक भागात द्राक्षबागांची सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि एप्रिलची खरड छाटणी हे दोन हंगाम असेच. मधले कित्येक आठवडे हाताला कात्री नसते आणि मग एकदम दिवसभर कात्री चालते. कात्रीला धार नसली, स्प्रिंग कडक असली की प्रत्येक काडीमागे जोर वाढतो, आणि दिवसात काड्या हजारोंनी कापायच्या असतात. कंडरेला भार सोसतो. एवढ्या थोड्या दिवसांत एवढी वाढ सोसत नाही.

वयही बघावं लागतं. साधारण ३५ ते ५५ या वयात हे सर्वांत जास्त दिसतं, आणि प्रौढांमध्ये एक ते तीन टक्के लोकांना ते होतं. धूम्रपान, मधुमेह आणि जास्त वजन असलेल्यांत ते अधिक दिसतं आणि रेंगाळतंही. साखर अनियंत्रित असलेल्या माणसाला व्यायाम शिकवताना साखरेचा विषय टाळून चालत नाही.

दुखऱ्या कंडरेत नेमकं काय बिघडलेलं असतं? 'टेनिस आर्म' हा शब्द १८८२ मध्ये हेन्री मॉरिस यांनी इंग्लंडमधल्या लॉन टेनिसच्या खेळाडूंविषयी वापरला. त्याच्या नऊ वर्षं आधी, १८७३ मध्ये, जर्मनीतल्या रुंगे यांनी सतत लिहिणाऱ्यांच्या हाताचं असंच दुखणं नोंदवलं होतं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं बहुतेकांनी याला सूज म्हणूनच वागवलं. १९७९ मध्ये अमेरिकेतले शल्यचिकित्सक रॉबर्ट नर्शल आणि त्यांचे सहकारी पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेला कंडरेचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सुजेच्या पेशी जवळजवळ नव्हत्या. होते ते विस्कटलेले तंतू, कच्च्या नव्या रक्तवाहिन्या आणि अर्धवट राहिलेली दुरुस्ती. चांगली कंडरा म्हणजे घट्ट वळलेला दोर. इथे त्याचे पेड सुटून एकमेकांत गुंतलेले असतात. पेड पुन्हा ओळीत यायला दोर ताणाखाली राहावा लागतो. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी ते काम होत नाही. गोळ्या किंवा चोळायचं जेल काही दिवस वेदना थोडी कमी करतं, आणि झोप लागावी एवढ्यापुरता त्याचा उपयोग करायला आमची हरकत नसते.

पहिले दोन आठवडे भार कमी करायचा, बंद करायचा नाही. यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण इथेच दोन्ही टोकांच्या चुका होतात. काही जण हात झोळीत अडकवून बसतात. तीन आठवडे वापर बंद राहिला की स्नायू आणि कंडरा दोन्ही आणखी दुबळी होतात आणि पूर्वीचंच काम नंतर जास्त जड पडतं. दुसरे "काम तर करावंच लागतं" म्हणून काहीच बदलत नाहीत. आम्ही रुग्णाला दिवसभराच्या कामांची यादी करायला लावतो आणि प्रत्येक कामापुढे वेदना शून्य ते दहात लिहायला सांगतो. पाचच्या वर गेलेली कामं आधी बदलायची, बाकीची चालू ठेवायची.

बदल साधे असतात. वस्तू उचलताना तळहात वर, कोपर वाकलेलं आणि वस्तू अंगाजवळ. पिशवी बोटांत लटकवण्यापेक्षा खांद्याला. पातेलं एका हाताच्या सांडशीने नाही, दोन्ही हातांनी फडक्यात धरून. कपडे पिळायचे नाहीत, नळाला अडकवून किंवा जाळीवर ठेवून निथळू द्यायचे. कणीक दहा मिनिटं झाकून ठेवून मग मळली की निम्मा जोर पुरतो. लाटण्याला, पेचकसाला, खुरप्याला कापड गुंडाळून मूठ जाड करायची. बारीक मूठ धरायला जास्त आवळावं लागतं. संगणकावर कळफलकाचे मागचे पाय खाली पाडायचे, म्हणजे मनगट वर वाकत नाही, आणि माउस कोपराच्या रेषेत जवळ आणायचा. दुचाकीवर मूठ मुरगळून धरायची सवय मोडायची, मनगट हाताच्या रेषेत ठेवायचं. छाटणीच्या मजुरांना आम्ही कात्रीला रोज धार आणि तेल, आणि तासाला पाच मिनिटं हात मोकळा, एवढं तरी करा म्हणतो. मुकादमाशी बोलून पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस छाटणी आणि अर्धा दिवस काड्या गोळा करणं असं ठरलं, तर फरक लगेच दिसतो.

टेनिस एल्बोसाठी मिळणारा कोपराखालचा पट्टा घ्यायचा असेल तर तो कुठे बांधायचा हे दाखवून घ्यावं. हाडाच्या टोकावर नाही. टोकापासून दोन बोटं खाली, स्नायूचा फुगवटा असतो तिथे, गादी बाहेरच्या बाजूला. एवढा घट्ट की मूठ आवळल्यावर दाब जाणवेल, पण खाली एक बोट सरकेल. बांधून लगेच पकड पुन्हा मोजायची. वाढली नाही तर पट्ट्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. कामाच्या वेळेपुरता वापरायचा, झोपताना काढायचा. बोटं बधिर झाली किंवा पंजा फिकट पडला तर लगेच सैल करायचा.

याच दोन आठवड्यांत पहिला व्यायाम सुरू होतो, हालचाल न करता भार धरण्याचा. खुर्चीत बसून हात टेबलावर, कोपर काटकोनात, तळहात खाली, मनगट टेबलाच्या कडेबाहेर. हातात अर्धा ते एक किलो. मनगट सरळ रेषेत ठेवून ३० ते ४५ सेकंद धरायचं, मिनिटभर विश्रांती, असं पाच वेळा. दिवसातून दोनदा. घरी डंबेल नसतं तेव्हा लोक पाण्याची बाटली घेतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशोब बरोबर, पण ती बाटली जाड आणि निसरडी असल्याने तिला आवळायलाच सगळा जोर जातो. बाटली कापडी पिशवीत घालावी आणि पिशवीचे बंद मुठीत धरावेत. काही जणांना या धरण्यानेच लगेच वेदना थोडी उतरल्यासारखी वाटते. प्रत्येकाला तसं होत नाही, आणि नाही झालं म्हणून व्यायाम चुकला असं समजू नये.

वेदनेचा नियम इथेच शिकवायचा, कारण पुढे त्यावर सगळं चालतं. व्यायाम करताना वेदना दहापैकी तीन-चारपर्यंत चालते. संपल्यावर ती तासाभरात उतरली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला चहाचा कप उचलताना कालपेक्षा जास्त दुखलं, तर भार जास्त झाला. वजन एक पायरी खाली आणायचं, दिवस बुडवायचा नाही. अजिबात दुखलं नाही आणि सोपं गेलं, तर भार कमी पडतोय. "दुखलं की थांबा" एवढंच सांगून पाठवलेले रुग्ण आमच्याकडे चार-चार महिने अर्ध्या किलोवरच अडकून आलेले असतात.

तिसऱ्या आठवड्यापासून हालचाल. बैठक तीच. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यायचं, मदत काढायची, आणि एक-दोन-तीन-चार मोजत सावकाश खाली सोडायचं. १५ वेळा, तीन फेऱ्या, फेऱ्यांमध्ये एक मिनिट. दहा-बारा दिवसांनी वर नेतानाही मदत काढून घ्यायची: तीन मोजत वर, तीन मोजत खाली. हालचाल सुरू झाल्यावर हा व्यायाम एक दिवसाआड. कंडरेतला बदल भार दिल्यानंतरच्या दीड-दोन दिवसांत घडतो, आणि उत्साहाने रोज दोनदा करणाऱ्यांचीच गाडी पाचव्या आठवड्यात अडते. सलग दोन खेपांना तिन्ही फेऱ्या नीट झाल्या आणि सकाळची कळ वाढली नाही, की अर्धा किलो वाढवायचा आणि आवर्तनं दहावर आणायची. तिथून पुन्हा पंधरापर्यंत चढायचं. घरकाम आणि कार्यालयीन काम करणाऱ्यांसाठी आम्ही २ ते ३ किलो हे लक्ष्य धरतो. छाटणी, गवंडीकाम, सुतारकाम करणाऱ्यांसाठी ४ ते ५. अर्ध्या किलोवर बारा आठवडे काढून सिमेंटचं घमेलं उचलायला गेलेला माणूस परत येणारच.

रबरी दांडा मिळाला तर त्याचा पीळ हा याच तत्त्वावरचा चांगला व्यायाम आहे. दांडा दुखऱ्या हातात उभा धरायचा, मनगट मागे वळलेलं. चांगल्या हाताने वरचं टोक पकडून दांडा पिळायचा. पीळ तसाच ठेवून दोन्ही हात समोर सरळ करायचे, दांडा आडवा. मग चांगला हात स्थिर ठेवून दुखऱ्या मनगटाने सावकाश, चार मोजत पीळ सुटू द्यायचा. पंधराच्या तीन फेऱ्या. ज्या दिवशी हा करायचा त्या दिवशी वजनाचा व्यायाम नाही. दांडा महाग वाटला तर जाडसर पंचा घट्ट गुंडाळून तीच हालचाल करता येते, फक्त त्यात भार मोजता येत नाही.

हाताने करायच्या उपचारांपैकी एकच आम्ही आवर्जून करतो. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मलिगन यांची ही पद्धत. दंडाचं हाड एका हाताने स्थिर धरायचं, दुसऱ्या हाताने कोपराखालचा हात बाहेरच्या दिशेने हलका सरकवून ठेवायचा, आणि तो दाब असतानाच रुग्णाला मूठ आवळायला लावायची. जागा आणि दिशा बरोबर लागली तर त्याच क्षणी वेदनेशिवायची पकड वाढलेली दिसते. सहा ते दहा वेळा करायचं. दाब दिल्यावरही दुखत असेल तर दिशा बदलायची, जोर नाही. याने व्यायाम सोपा जातो, कंडरा मात्र व्यायामानेच सुधारते. हाडाच्या टोकावर अंगठ्याने रगडून घेतलेली मालिश उलट दुखरा भाग आणखी चिडवते. तेल लावायचंच असेल तर खालच्या मांसल भागाला, हलक्या हाताने.

सहावा ते आठवा आठवडा नाजूक असतो. वेदना निम्म्यावर आलेली असते, झोप मोडत नाही, आणि लोक यायचे बंद होतात. खरं काम आत्ता सुरू व्हायचं असतं, कारण आतापर्यंत कोपर वाकवून आणि हात टेकवून व्यायाम केलेला असतो. दुखणं सुरू झालं ते कोपर सरळ आणि तळहात खाली असताना. आता तोच व्यायाम कोपर हळूहळू सरळ करत करायचा: आधी थोडं, मग अर्धं, मग पूर्ण. कोन वाढवताना वजन एक किलोने कमी करायचं आणि पुन्हा चढायचं. जोडीला हातोडीचा व्यायाम. हातोडी दांड्याच्या टोकाला धरून तळहात वर आणि खाली वळवायचा, दहाच्या तीन फेऱ्या. जड वाटली तर हात डोक्याच्या बाजूला सरकवायचा, भार लगेच हलका होतो. मऊ चेंडू आवळण्याचा व्यायाम लोक पहिल्या दिवसापासून करतात. आम्ही तो इथे आणतो, कारण सुरुवातीला तोच दुखण्याचं कारण असतो.

खांदाही इथेच बघायचा. खांद्यामागचे स्नायू ढिले असले की हात लांब करून केलेल्या प्रत्येक कामात मनगट जास्त ओढतं. दाराच्या कडीला रबरी पट्टा अडकवून मागे ओढणं आणि भिंतीला हात लावून दंड काढणं, बाराच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. पट्टा आवळायला त्रास होत असेल तर तो मनगटाला गुंडाळावा.

इंजेक्शनचा प्रश्न पहिल्या भेटीपासून येतच असतो: "एक सुई मारून मोकळं करता येत नाही का?" स्टेरॉइडच्या सुईने पहिले काही आठवडे खरंच बरं वाटतं, आणि म्हणूनच तिचा बोलबाला आहे. नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांवर झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास घ्या. सहा आठवड्यांनी सुई घेतलेल्यांपैकी ९२ टक्के बरे वाटणारे होते, फिजिओथेरपी घेतलेल्यांत ४७ टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत ३२. वर्षाने आकडे उलटले: सुई ६९, फिजिओथेरपी ९१, वाट पाहणारे ८३. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १६५ रुग्णांच्या अभ्यासात सुई घेतलेल्यांपैकी ५४ टक्क्यांचं दुखणं वर्षभरात उलटलं. औषध नसलेली, नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई घेतलेल्यांत हेच प्रमाण १२ टक्के होतं. वेदना दबते, माणूस पूर्ण जोराने कामाला लागतो, आणि कंडरा तयार नसते. शिवाय टोचलेल्या जागी कातडी पांढरी पडू शकते, खालची चरबी झिजते आणि मधुमेहींची साखर काही दिवस चढते. लग्नकार्य किंवा परीक्षा तोंडावर असताना कुणी विचारपूर्वक एक सुई घेतली तर आम्ही त्यांना दोष देत नाही. दुसरी आणि तिसरी घेऊ नका, एवढं मात्र ठामपणे सांगतो.

स्वतःच्या रक्तातले घटक वेगळे करून टोचायचे, त्या पीआरपीला खर्च बराच येतो. २०२१ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने ३२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा खोट्या सुईपेक्षा त्याचा लक्षणीय फायदा दिसला नाही. हे रुग्णाला पैसे भरण्याआधी कळलं पाहिजे.

शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते. सहा महिने ते वर्षभर भार वाढवत नेमाने व्यायाम झाला, कामात बदल झाले, दुसरं निदान तपासून झालं, आणि तरीही हात निकामी असेल, तेव्हा तिचा विचार करायचा. खराब झालेला कंडरेचा तुकडा काढतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपराचं दुखणं २००४ मध्ये सुरू झालं, २००५ च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो पुन्हा खेळला. जगातले उत्तम तज्ज्ञ हाताशी असूनही परतायला पाच महिने लागले. शस्त्रक्रियेनंतरही वर सांगितलेलाच व्यायाम तेवढ्याच पायऱ्यांनी करावा लागतो.

आतल्या बाजूचं दुखणं, ज्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात, पुष्कळ कमी दिसतं. तिथे बोटं आणि मनगट आत वाकवणाऱ्या स्नायूंची कंडरा असते. व्यायाम तोच, फक्त तळहात वर ठेवून. एक फरक महत्त्वाचा: तिथल्या हाडामागून नस जाते. करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर पट्टा बांधायचा नाही, रात्री कोपर पूर्ण वाकवून झोपायचं नाही, आणि आधी नसेची तपासणी करून घ्यायची. तिथे अंदाजाने सुई टोचणं विशेष धोक्याचं.

बाराव्या आठवड्यात पहिल्या दिवसाचं मोजमाप पुन्हा करतो. दुखऱ्या हाताची पकड दुसऱ्या हाताच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आली आणि खुर्ची न दुखता उचलता आली, की पूर्ण काम. त्याआधी कामावर जायचंच असेल तर पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मं आणि पुढे दर आठवड्याला थोडं वाढवत. नव्वद टक्के झाले नाहीत तरी आकडा चढता असेल तर आणखी सहा आठवडे द्यायचे. आकडा सलग चार आठवडे एकाच जागी अडला असेल तर निदान पुन्हा तपासायचं, आणि मान, नस आणि साखर या तिन्हींपासून सुरुवात करायची.

उपचारांतून सुटी झाल्यावरही आठवड्यातून दोनदा शेवटच्या वजनाने तीन फेऱ्या, निदान सहा महिने. हंगामी काम असेल तर हंगामाच्या सहा आठवडे आधी पुन्हा एक दिवसाआड सुरू करायचं: ऑक्टोबरच्या छाटणीसाठी ऑगस्टच्या मध्यापासून, दिवाळीच्या फराळासाठी साधारण गणपतीच्या सुमारास. मध्येच एखाद्या दिवशी जास्त काम होऊन ठणका उठला, तर सगळं सोडून पहिल्या पायरीवर यायचं नाही. दोन दिवस हालचालीचा व्यायाम थांबवून फक्त ३० ते ४५ सेकंद धरण्याचा करायचा, वजन अर्ध्यावर. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलून बघायचा. कळ पूर्वीइतकीच उरली असेल तर आधीच्या वजनापेक्षा अर्धा किलो कमी घेऊन फेऱ्या चालू करायच्या, आणि आठवड्याभरात पूर्वीच्या जागी यायचं.